पुसू नये ही विनंती

मनोहर तांबटाला बोलतं करायला फार काही लागत नसे. महाडच्या बाजारपेठेतून चवदार तळ्याकडे वळताना कोपऱ्यावर त्याचं झंकार रेकॉर्डिंग सेंटर होतं. तिथल्या बाकड्यावर टेकायचं आणि सहज विचारल्यासारखं करायचं, "शेठ, तो हैबती ढेबे तुमच्याकडे यायचा म्हणे?" झालं! मग समोरचं गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, हातातला चहा निवला तरी चालेल.

"यायचा म्हणजे? घडला तो इथं! ह्या फळीला टेकून तासन्‌तास उभा असायचा. त्याचं पहिलं गाणं ऐकलं कुणी? मी. काटा आला अंगावर. तिथल्या तिथं म्हटलं त्याला, लेका, तू काही आता डोंगरात राहत नाहीस. त्याची पहिली कॅसेट माझ्याकडे आहे. कुणाला हात लावू देत नाही मी तिला."

ह्यातलं फळीला टेकून उभं राहणं तेवढं खरं होतं. बाकी सगळ्या थापा. पण एकच थाप पाच वर्षं मारली की मारणाऱ्यालासुद्धा ती हळूहळू पटायला लागते, तसं मनोहरचं झालं होतं.

हैबती ढेबे कोण, हे महाड-पोलादपुरात त्या काळी कुणाला सांगावं लागत नव्हतं. पोलादपूरच्या वर डोंगरात चौदा घरांचा धनगरवाडा आहे, तिथला तो. म्हशी राखणाऱ्या घरातला पोरगा मुंबईला हॉटेलात कामाला गेला, तिथे वसईच्या एका माणसाकडून गिटार शिकला आणि आणखी तिघांना गोळा करून त्याने 'कडेलोट' नावाचा बँड काढला. ड्रम आणि गिटारची दणदणीत रॉक गाणी, पण शब्द आपल्याकडचे, आपल्या तोंडचे. अठ्ठ्याण्णव साली त्यांची 'घाट बंद आहे' ही कॅसेट आली आणि पोरं येडी झाली. टमटमवाले, ट्रकवाले, शिमग्याला मुंबईहून येणारे चाकरमानी, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच: घाट बंद आहे, घाट बंद आहे, आईला सांगा, मी अर्ध्यात आहे. चार वर्षं असा गाजला आणि दोन हजार दोनच्या जानेवारीत काविळीने गेला. तिशीचाही नव्हता पुरता.

त्या कॅसेटच्या आतल्या कागदावर आभारांची यादी होती. तिच्यात शेवटची ओळ अशी: 'झंकारचे मनूशेठ, महाड. दुकानाबाहेर उभं राहून ऐकू दिलं.' एवढीशी ओळ. पण तिने मनोहरला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि खाली उतरायची त्याला कधी गरज वाटली नाही.

गरज पडली ती हैबतीच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या आठवडाभर आधी. पोलादपूरचा राजू टमटमवाला आणि नाते गावच्या शाळेत शिकवणारी गौतमी, दोघं दुकानात आली. दोघंही हैबतीची भक्त. राजूच्या टमटममध्ये दुसरं गाणं लागत नसे. कुणी लावायला सांगितलं तर तो म्हणे, खाली उतरा.

"शेठ, रविवारी पोलादपूरला शाळेच्या हॉलात कार्यक्रम हाय," राजू म्हणाला. "सकाळी अकराला. तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ, सगळं फिक्स केलंय."

"माझा कशाला रे," मनोहर म्हणाला, पण छाती फुगायची ती फुगलीच.

"आणि काका, ती कॅसेट घेऊन या," गौतमी म्हणाली.

"कुठली?"

"कुठली काय! पहिली. हैबतीची आई फक्त त्या कॅसेटसाठी खाली उतरणार आहे. मी वर जाऊन सांगून आले त्यांना. आम्ही त्यांना 'घाट बंद आहे' ऐकवली होती, तर म्हणाल्या, ह्या धडामधुडूममध्ये माझा हैबती मला सापडत नाही. त्या पहिल्या कॅसेटवर तो घराच्या दारात बसून म्हणतोय आणि मागून त्याचे वडील साथ देतायत. आता दोघेही नाहीत. दोघांचा आवाज त्या एवढ्या एका कॅसेटवर आहे, काका, आणि ती तुम्ही सांभाळलीत." बोलता बोलता तिचे डोळे भरले.

'नाही' म्हणायला मनोहरने तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "आणतो की."

आता ती कॅसेट. ह्या गोष्टीत लपवण्यासारखं काही नाही; लपवायचं ते मनोहरने सहा वर्षं लपवून झालं आहे.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत हैबती ती कॅसेट घेऊन दुकानात आला होता. तेव्हा त्याला कोण ओळखत होतं! म्हशीच्या वासाचा, लाजरा पोरगा. "शेठ, हिच्यावरनं पाच कॅसेटी भरून द्या. मुंबईला द्यायच्या हायत. आठ दिसांनी येतो," म्हणाला. मनोहरने कॅसेट घेतली आणि फळीवर टाकली. लावूनसुद्धा पाहिली नाही. डोंगरातलं पोर म्हशीमागे ओरडतं तसं काहीतरी ओरडलं असेल, त्यात काय ऐकायचं, असं त्याला वाटलं. काटाबिटा काही आला नव्हता.

आठ दिवस गेले, पंधरा गेले, हैबती आला नाही. बाप आजारी आहे असा निरोप मात्र त्याने एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला होता. आणि तेवढ्यात निवडणूक लागली. एका उमेदवाराची माणसं सकाळीच दुकानात घुसली. प्रचाराच्या चाळीस कॅसेटी हव्यात, आजच्या आज, जीपगाड्या उभ्या आहेत. प्रचाराचं बोलायचंही मनोहरनेच. त्याचा आवाज भरदार, तालुक्यात त्याला मागणी होती. तो बोलला, यंत्रं फिरायला लागली, आणि दुपारी तीन वाजता पाहतो तर कॅसेटी एकोणचाळीसच.

समोरच्या गल्लीत कोरी कॅसेट मिळत होती. पाच मिनिटांचं चालणं. पण पोटात भूक, डोक्यावर ऊन आणि दारात हॉर्न वाजतोय. त्याच्या दुकानात पाटीच लावलेली होती, 'महिन्याभरात न नेलेल्या कॅसेटी पुन्हा भरल्या जातील.' हैबतीच्या कॅसेटला तेहतीस दिवस झाले होते. नियमाने बरोबर!

पण कॅसेटच्या पाठीला दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकचे दोन बारीक तुकडे असतात. ते मोडून टाकले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, यंत्राचं बटणच दबत नाही. जी कॅसेट कायमची ठेवायची तिचे तुकडे लोक मोडतात. हैबतीने ते मोडलेले होते. वर चिठ्ठी चिकटवून बॉलपेनने लिहिलंही होतं: 'घरचं गाणं. पुसू नये ही विनंती.' मनोहरने ते वाचलं. मग त्याने सेलोटेपचे दोन तुकडे कापले, त्या दोन भोकांवर चिकटवले, चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवली आणि बटण दाबलं. म्हणजे चुकून झालं असं म्हणायलाही जागा त्याने स्वतःला ठेवली नव्हती.

चाळिसाव्या दिवशी हैबती आला. डोकं भादरलेलं. ते पाहूनच मनोहरला कळलं, बाप गेला. त्याच क्षणी सांगून टाकलं असतं तर! पण कुणी कबूल व्हायचं? "सापडत नाहीय रे," तो म्हणाला, "इथंच कुठंतरी असेल." हैबती म्हणाला, "जरा बघा ना शेठ. बाचा आवाज हाय त्यात." मग मनोहरने खण उघडले, मिटले, खोकी हलवली, फळीमागे वाकून पाहिलं. सगळं नाटक. काऊंटरच्या आत उभी असलेली त्याची बायको मीना ते नाटक बघत होती. शेवटी तो म्हणाला, "सापडली की ठेवतो जपून. तुझीच आहे." हैबती हात जोडून गेला.

पुढे तो उमेदवार आपटला. त्याच्या माणसांनी कॅसेटींचं खोकं दुकानात परत आणून टाकलं आणि त्यात ती कॅसेटही परत आली. मनोहरने ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली. फेकवली नाही, इतकंच.

रविवारी सकाळी त्याने तो डबा काढला. वरची चिठ्ठी नखाने सोलली, खालचं हैबतीचं अक्षर दिसलं आणि त्याचे कान तापले. मीनाने चहा आणून ठेवला.

"काय सांगणार आहात तिथे?"

"बुरशी लागली म्हणतो. बाजारपेठेत दर पावसाळ्याला सावित्रीच्या पुराचं पाणी येतं. कोण नाही म्हणेल?"

"कुणीच नाही म्हणणार," मीना म्हणाली. "पण त्या बाईच्या तोंडावर ते बोललात, तर घरी येऊन मला काय झालं ते सांगू नका. माझ्याने नाही ऐकवणार."

शाळेचा हॉल भरलेला होता. पन्नाससाठ माणसं असतील. समोर टेबलावर हैबतीचा फोटो, झेंडूचा हार, आणि बाजूला राजूने टमटममधून काढून आणलेला डेक नि दोन मोठे स्पीकर. मनोहरला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी भागूबाई, हैबतीची आई. वाळलेली, काटक बाई, नाकात मोरणी, पायाशी रुंद तोंडाची ॲल्युमिनियमची किटली. डोंगर उतरून तीन तास चालत आली होती.

"तुमीच का मनूशेठ?" तिने विचारलं आणि सगळं तोंड भरून हसली. "हैबती लय नाव घ्यायचा तुमचं. तूप आनलंय तुमच्यासाठी. घरच्या म्हशीचं हाय."

"अहो आई, कशाला उगाच..."

"कशाला म्हंजे? माझी दोन मानसं ठेवलीत तुमी कपाटात." ती जवळ सरकली. "त्या दिशी मी चुलीपाशी भाकरी थापत व्हते. बा आन् ल्योक दारात. बा मधीच खोकला, तर हैबती हसाय लागला, आन् तसाच हसत गायला. ते हसनं बी हाय बघा त्यात. तेवढं ऐकलं का मी जाते. बाकी मला काय कलत नाय ह्यातलं."

मनोहरने नुसती मान हलवली. शर्टाच्या खिशातली कॅसेट त्याच्या छातीला टोचत होती.

मग एकेक जण उठून बोलू लागला. राजूने कशेडी घाटाची आठवण सांगितली. दोन हजार सालच्या जुलैत घाटात दरड आली, नऊ तास गाड्या अडकल्या, मागेपुढे ट्रकच ट्रक. त्याने टमटममध्ये 'घाट बंद आहे' लावलं आणि बघता बघता वीसपंचवीस ड्रायव्हर भर पावसात रस्त्यावर उतरून नाचले. "एक सरदारजी रडला राव! भाषा पन कलत नव्हती त्याला," राजू म्हणाला, आणि सगळा हॉल हसला.

गौतमीने एक पोस्टकार्ड वाचून दाखवलं. ती बारावीला नापास झाली होती, घरी तोंड दाखवायची सोय नव्हती, तेव्हा तिने हैबतीला पत्र टाकलं होतं. त्याने उत्तर पाठवलं: 'मी नववीत तीनदा बसलो. जीव रमत नसेल तर महाडला झंकारच्या दुकानापाशी जाऊन उभी राहा. मनूशेठ हाकलत नाहीत. माणूस चांगला आहे.'

माणूस चांगला आहे! हॉलातल्या सगळ्यांनी माना वळवून मनोहरकडे प्रेमाने पाहिलं. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण खाली जावं. एवढी लाज त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती, आणि अजून तर काही झालंच नव्हतं.

मग सत्कार. मनोहरला टेबलामागे उभं केलं, खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, वर एक स्टीलचा तांब्याही दिला. टाळ्या थांबेनात. गौतमीने माईक त्याच्यासमोर धरला. "काका, आता ती कॅसेट."

भागूबाई पदर सावरून, पाठ ताठ करून बसली. मनोहरने तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि छपराकडे बघत, प्रचारात बोलायचा त्याच भरदार आवाजात म्हणाला, "मंडळी, सांगायला फार वाईट वाटतं. मी ती कॅसेट जिवापाड जपली. पण आपल्या महाडचा ओलावा तुम्हाला ठाऊक आहे. काल काढून पाहिली, तर पूर्ण बुरशी."

हॉलभर हळहळ पसरली. "अरेरे," कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, "शेठनी तरी काय करायचं." सुटलो, असं मनोहरला वाटलं. खरंच वाटलं, एवढा तो निर्लज्ज झाला होता.

पण राजू पुढे आला. "अहो शेठ, बुरशीचं काय घेऊन बसलात! पुराच्या पान्यातल्या कॅसेटी चालू केल्यात मी. पट्टी उकलतो, कापसानं पुसतो, दुसऱ्या डबीत घालतो. द्या इकडं." आणि मनोहर 'नको, नको' म्हणतोय तोवर त्याने शर्टाच्या खिशातून कॅसेट ओढून काढलीसुद्धा.

राजूने ती खिडकीच्या उजेडात धरली. पट्टी पाहिली, चकचकीत होती, बुरशीचा ठिपका नव्हता. मग त्याने कॅसेट उलटी केली. पाठीवरचे सेलोटेपचे दोन पिवळे पडलेले तुकडे त्याला दिसले. चिठ्ठीवरचं अक्षर त्याने वाचलं. कॅसेटींतला मुरलेला माणूस तो, त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने मान वर करून मनोहरकडे पाहिलं. राजू पंचवीस वर्षांचा, मनोहर पंचावन्नचा. पण नजर मनोहरने खाली घातली.

वाटलं, आता हा ओरडणार. राजू ओरडला नाही. तो भागूबाईपाशी गेला, उकिडवा बसला आणि हळू म्हणाला, "आई, खरं हाय. लय खराब झालीय. नाय चालायची गो."

त्याने मनोहरला झाकलं नव्हतं. त्या बाईला झाकलं होतं. मनोहरला ते कळलं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

भागूबाई म्हणाली, "लाव तरी. खरखर तर खरखर. खरखरीत बी मी वलखीन त्याला."

आता मात्र मनोहरच्याने राहवेना. तो टेबलामागून पुढे आला. तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि ज्या आवाजाला तालुक्यात मागणी होती तो आवाज त्याला फुटेना.

"आई, बुरशी नाही लागली. मी पुसली ती. मुद्दाम पुसली. निवडणुकीचा प्रचार भरायला कॅसेट कमी पडली, म्हणून."

तिला नीट समजलं नाही. "पुसली म्हंजे? मंग आता काय हाय त्याच्यात?"

"माझा आवाज."

गौतमीच्या हातातला माईक खाली आला होता. भागूबाईने राजूकडे पाहिलं. "लाव," ती म्हणाली.

"आई, कशाला?"

"लाव म्हनते ना."

राजूने कॅसेट आत घातली. दोन मोठ्या स्पीकरमधून आधी बँडचा एक उडता तुकडा वाजला आणि मागोमाग मनोहर तांबट गरजला: "मतदार बंधू आणि भगिनींनो! आपली निशाणी, शिलाई मशीन! शिलाई मशीन! लक्षात ठेवा, शिलाई मशीन!" मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं. हैबतीचा फोटो मधे, दोन्ही बाजूंना स्पीकर, आणि फोटोतलं पोरगं हसतंय.

"हा तुमचाच न्हवं?" भागूबाईने विचारलं.

"हो."

पाच मिनिटं झाली. तेच ते, पुन्हा पुन्हा. राजूने बंद करायला हात नेला, तर ती म्हणाली, "थांब. फुडं असंल."

ती मान खाली घालून, कान देऊन ऐकत राहिली. प्रत्येक वेळी बँड वाजून दोन घोषणांच्या मधे क्षणभर शांतता होई, तेव्हा ती डोकं वर करायची. त्या फटीतून आता हसू येईल, खोकला येईल, भाकरी थापल्याचा आवाज येईल, असं तिला वाटायचं. आणि पुन्हा शिलाई मशीन. मनोहर तिच्यासमोर शाल पांघरून उभा होता. बसायची त्याची हिंमत झाली नाही, शाल काढायचंही त्याला सुचलं नाही. ज्या आवाजाचा त्याला सगळ्या जन्माचा गर्व, तो आवाज अर्धा तास त्याच्या तोंडात शेण घालत होता. हॉलातून एक माणूस उठला नाही.

खट् करून बटण वर आलं.

"दुसऱ्या अंगाला?" तिने विचारलं. राजूने कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूलाही शिलाई मशीन. तीही तिने शेवटपर्यंत ऐकली.

"वरचं काडून खालचं निघत नाय का? भिंतीचा चुना खरवडला का जुनं निघतं, तसं?"

"नाही आई," मनोहर म्हणाला. "एकदा पुसलं की गेलं."

तिने किटली जवळ ओढून घेतली. मग बोलली ती रागाने नाही. राग असता तर मनोहरने पाय धरले असते, दोन थोबाडीत खाल्ल्या असत्या, बरं वाटलं असतं त्याला.

"हैबती डोसकं भादरून आलाता तुमच्याकडं, तवा का नाय सांगितलंत? मी त्याला म्हनायची, आरं, ते गानं परत म्हन, मला ऐकंव. तर म्हनायचा, बाशिवाय कसा म्हनू? आन् शेठकडं हाय ना बाच्या आवाजासकट, सापडंल. मंग कुनी तरी त्याला सांगितलं, शेठ म्हंतात पयली कॅसेट माझ्याकडं हाय. नाचलं पोर! म्हनला, आये, सापडली बघ. येताना घिऊन येतो. येताना घिऊन येतो, येताना घिऊन येतो, आसं म्हनता म्हनता ऱ्हायलं." तिने पदराने नाक पुसलं. "तुमी नाय म्हनला असतात, तर बाशिवाय तरी म्हटलंच असतं त्यानं. माझ्यासाठी म्हटलं असतं."

मनोहर तसाच उभा. पुसलं ते दुपारच्या भुकेने पुसलं, तेवढंच त्याला आजवर पाप वाटत होतं. बाकड्यावर बसून मारलेल्या बढायांनी त्या पोराच्या तोंडातून दुसऱ्यांदा गाणं काढून घेतलं, हे त्याला आज कळलं. ह्याला माफी कुठली मागायची? कोणत्या तोंडाने?

भागूबाई उठली. राजूकडून कॅसेट मागून घेतली, तिच्यावरचं अक्षर तिला वाचता येत नव्हतं, तरी बोट फिरवलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. मग किटली उचलून मनोहरपुढे धरली.

"ह्ये घ्या."

"नको आई. मला नको. कृपा करून नको."

"हैबतीच्या दिसाला काडलंय. गेल्याच्या नावानं काडलेलं आमी माघारी नेत नाय. किटली मोकली करून द्या, शेजारनीची हाय. दिस मावळायच्या आत चढायचं हाय मला."

मनोहरने इकडेतिकडे पाहिलं. कुणी पुढे झालं नाही. जवळ भांडं होतं ते एकच, सत्काराचा स्टीलचा तांब्या. तो खाली फरशीवर बसला आणि त्याने तांब्यावर किटली ओतली. काही पडलं नाही. जानेवारीची थंडी, तूप दगडासारखं थिजलेलं.

"हातानं काडा," भागूबाई म्हणाली.

त्याने शालीची टोकं मागे सारली, किटलीत मनगटापर्यंत हात घातला आणि मूठमूठ तूप काढून तांब्यात भरू लागला. थोडं फरशीवर सांडलं. साठ माणसं बघत होती. त्याने किटली पुढे केली तशी ती वाकली, आत डोकावली आणि किटली त्याच्या हातात परत दिली.

"तलाला ऱ्हायलंय अजून," ती म्हणाली. "तेवढं बी घ्या."